पेट्रोलचा काटा चुकतोय: फ्लोट साफ करायचा की नवा बसवायचा?

गायमुख घाटाच्या चढावर काटा हलला तर तो दोष नव्हे. टाकीतलं पेट्रोलच सरकतं. सपाट रस्त्यावर, गाडी उभी असतानाही काटा उड्या मारत असेल तरच टाकी उघडा. त्याआधी टाकीवरच्या फ्लोटच्या वायरच्या कनेक्टरवरचा हिरवा गंज पुसून पाहा. ठाण्याच्या पावसाळ्यात बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

टाकी रिकामी करून फ्लोट युनिट (पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याचा दांडा आणि दांडा जिच्यावरून सरकतो ती रोधाची पट्टी) बाहेर काढा, सुकवा आणि पेट्रोलपासून दूर नेऊन मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, लावा. दांडा सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मधेच तुटत असेल, पण पट्टी अखंड दिसत असेल, तर साफसफाई पुरते: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. सँडपेपर अजिबात नको, पट्टीचा पातळ थर खरवडला जातो. खर्च जवळपास फक्त नव्या गॅस्केटचा, म्हणजे युनिट आणि टाकीमधल्या सीलचा. जुनं गॅस्केट परत लावलं की पेट्रोल पाझरतं, तिथे काटकसर नको.

पट्टीवर खोल चरा पडला असेल किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडत असेल, म्हणजे काटा कायम रिकामाच दाखवतो, तर सरळ नवं युनिट घ्या. मात्र ते त्याच मॉडेलचं हवं; ओहमची रेंज वेगळी निघाली तर काटा पुन्हा खोटंच बोलेल.