बिबट्याची हौस आणि बेंगाल मांजर: कोकणातल्या घरात कितपत जमतं?

काजूच्या बागेत बिबट्याचं पिल्लू दिसलं की ‘पाळलं तर?’ हा प्रश्न कोकणात हमखास निघतो, आणि पाठोपाठ हेमलकशाचा दाखलाही. आमट्यांचं ते प्राण्यांचं अनाथालय केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीने चालतं; आपल्या पडवीला ती परवानगी मिळत नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला नुसतं पकडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीपासून किमान २५,००० रुपये दंड. पिल्लू दिसलं तर हात न लावता मागे व्हायचं आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा. मादी बहुतेक वेळा आसपासच असते, अंधार पडल्यावर येऊन पिल्लू घेऊन जाते.

मग ज्यांना ठिपक्यांचं जनावर घरात हवंच आहे, त्यांना विक्रेते बेंगाल मांजर दाखवतात. हे परीक्षण त्याचं.

बेंगाल म्हणजे वाघाटी आणि घरमांजर यांच्या संकरातून तयार झालेली जात. वाघाटी (इंग्रजीत लेपर्ड कॅट), म्हणजे आपल्या सह्याद्रीतही असलेली, घरमांजराच्याच आकाराची रानटी ठिपकेवाली. थेट वाघाटीच्या पोटची पिढी एफ-१, त्यापुढे एफ-२, एफ-३. या तीन पिढ्या भित्र्या, घरभर मुताच्या फवाऱ्या मारणाऱ्या, आणि त्यांतले बोके बहुधा वांझ. घरात ठेवण्याजोगं मांजर चौथ्या पिढीपासून पुढे. बोका साधारण साडेचार ते सात किलो, मादी त्याहून हलकी. बिबट्याचा आकार अपेक्षित असेल तर इथेच थांबा.

किंमत पाच आकडी, कधी सहा आकडीही असते, म्हणून फसवणूकही त्याच मापाची. ‘देशी बेंगाल, एफ-१’ म्हणून कुणी स्वस्तात पिल्लू देऊ केलं, तर ते रानातून उचललेलं वाघाटीचं पिल्लू असू शकतं. वाघाटीही पहिल्या अनुसूचीतच आहे, म्हणजे शिक्षा बिबट्याइतकीच. कानामागचा पांढरा ठिपका आणि डोळ्यांच्या आतल्या कडेपासून कपाळावर चढणारे दोन पांढरे पट्टे ही वाघाटीची खूण खरी, पण सुरुवातीच्या पिढ्यांच्या बेंगालमध्येही त्या दिसतात. तेव्हा चेहऱ्यावरून ठरवू नका. आईबापांची वंशावळ आणि विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी बघा. कागद नाहीत तर व्यवहार नाही. आईबापांच्या पीके-कमतरता आणि पीआरए-बी या दोन डीएनए चाचण्यांचे अहवाल मागा. पहिल्या दोषात रक्तक्षय होतो, दुसऱ्यात मांजर लहानपणीच आंधळं होत जातं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजारही या जातीत असतो. त्याला आईबापांची हृदयाची सोनोग्राफी हाच पुरावा.

फोटोवर जाऊ नका. जन्मतः स्पष्ट असलेले ठिपके चौथ्या आठवड्याच्या सुमारास लांब, करड्या केसांखाली झाकले जातात आणि पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की पुन्हा उघडतात. बारा आठवड्यांचं पिल्लू म्हणूनच फोटोपेक्षा मळकट दिसतं. त्याआधीचं, सहा आठवड्यांचं पिल्लू घेण्यात फायदा काहीच नाही. लसही धड झालेली नसते.

आता घर. कौलारू घर, उघडी पडवी, पुढे खळं, मागे बाग: बेंगाल ठेवायला याहून अवघड रचना शोधूनही सापडणार नाही. जिथून डोकं जातं तिथून मांजर जातं, आणि भिंत व वासे यांच्यामधल्या फटी डोक्याहून मोठ्याच असतात. ५ सेंमीवरची प्रत्येक फट बुजवायची आणि पडवी वरपासून खालपर्यंत जाळीने बंद करायची. छत नसलेलं कुंपण निरुपयोगी. सहा फुटांची उडी हे मांजर सहज घेतं. जाळी एक इंची चौकोनाची, वेल्ड केलेली, तार किमान २ मिमी. नायलॉनची जाळी चावून तोडतात. साधी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी खाऱ्या हवेत आधी वेल्डच्या सांध्यांवर गंजते आणि नेमकी तिथेच सुटते. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही तपकिरी डाग येतात; ३१६ टिकतं पण महाग. मधला मार्ग पीव्हीसी चढवलेल्या जाळीचा, मात्र कापलेल्या प्रत्येक टोकाला रंग लावायला हवा, नाहीतर गंज आतून चालत जातो. जाळी थेट चिऱ्यात ठोकू नका. जांभा भुसभुशीत, प्लगचं भोक हलून हलून मोठं होतं. लाकडी चौकट करून ती खांबांना आणि वाशांना स्क्रूने आवळा. दार दुहेरी ठेवा: बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही.

एवढा खर्च कशाला, तर बाहेर फुरसं आहे, घोणस आहे, आणि हलणारी प्रत्येक वस्तू पकडायला हे मांजर धावणारच. कठडा नसलेली विहीर आहे. या जातीला पाण्याचं आकर्षण असतं, त्यामुळे घरातला हौदसुद्धा झाकून ठेवावा लागतो. शिवाय गावात फिरणाऱ्या खऱ्या बिबट्याला कुत्री, कोंबड्यांबरोबर मांजरही चालतं.

खाण्यात कोकणात एकच मोठी चूक होते: मासे. मांजर म्हणजे मासे हे समीकरण इतकं पक्कं की रोज बांगड्याची डोकी आणि कच्ची तारली ताटलीत पडतात. काही कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. कुठल्या मासळीत किती, हे टोपलीकडे बघून कळत नाही, म्हणून सगळीच शिजवून द्या. उष्णतेने तो घटक नष्ट होतो. कमतरतेत आधी खाणं सुटतं, मग मान खाली झुकून हनुवटी छातीकडे जाते, चालताना झोकांड्या, शेवटी झटके. वेळेत बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर मांजर भराभर सावरतं. तेलकट मासळीवरच पोसलं तर शिजवूनही दुसरं दुखणं येतं: ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, पाठीला हात लावू देत नाही, उड्या बंद. हिशोब असा ठेवा: पाच किलोच्या मांजराला संपूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं कोरडं खाद्य दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम, आणि मासे आठवड्यातून दोनदा, उकडून, काटे काढून. सुकं खारवलेलं नको. कालवणातलं तर मुळीच नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा वाढतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधांपैकी काहींत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विष आहे. अंग थरथरणं, झटके, मृत्यूसुद्धा. घरात कुत्रा असेल तर त्याचं औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. दमट हवेत गजकर्ण होतं आणि ते माणसांना लागतं. केस गळून गोल चट्टा दिसला की मुलांना लांब ठेवून मांजर डॉक्टरकडे न्या. नव्या पिल्लाचे जुलाब जंताच्या औषधाने थांबले नाहीत, तर ट्रायट्रायकोमोनास या आतड्यातल्या परजीवीसाठी शौचाची पीसीआर तपासणी करून घ्या. जिथे पुष्कळ मांजरं एकत्र वाढवतात तिथून तो सोबत येतो. मांजराच्या शौचासाठीची बेंटोनाइटची (चिकणमातीची) वाळू दमट हवेने पिशवीतच गोळे धरते, घट्ट झाकणाच्या पिंपात ओता.

स्वभावाला मात्र पूर्ण गुण. हुशार, बोलकं, नळ आणि कडी उघडायला शिकणारं. पण सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं पळवलं नाही तर पडदे, इन्व्हर्टरच्या वायरी आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या यांच्यावर बेततं. गणपती-शिमग्याला उघडणाऱ्या आणि एरवी राखणदाराच्या भरवशावर असणाऱ्या घरासाठी हे मांजर नाही. बारमाही राहतं घर, बंद पडवी आणि दिवसभर कुणीतरी माणूस, एवढं असेल तरच घ्यावं, आणि बोका असो वा मादी, नसबंदी करूनच.

शेवटची अडचण डॉक्टरांची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशींचं; मांजराच्या हृदयाची सोनोग्राफी करायची तर सहसा कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठावी लागते. तेव्हा प्रवासाचा पिंजरा पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवून घरातच ठेवा, त्यातच खायला घाला, म्हणजे ऐनवेळी कोंबावं लागत नाही. घाटात बरीच मांजरं ओकतात. मोठ्या मांजराला निघण्याआधी चार तास खाणं देऊ नका, पाणी चालेल, आणि पिंजऱ्यावर सुती चादर टाका.