क्लेच्या पोकर चिप्स: टूथब्रश की अल्ट्रासॉनिक?
जुन्या बाजारातून आणलेल्या क्लेच्या चिप्सवर (पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) हातांचा तेलकट काळा थर बसला होता. निम्म्या चिप्स टूथब्रशने घासल्या: कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, एकेकीला अर्धा मिनिट. शंभर चिप्सना तास गेला, मनगट दुखलं, पण कडा शाबूत.

उरलेल्या चिप्स मित्राच्या चष्म्याच्या दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी पाण्यात मळ सोडवणारं यंत्र) टाकल्या. खाचांतला मळ धुरासारखा सुटतो, बघत बसावं! फक्त जास्त वेळ विसरलात तर मळामागोमाग रंगही पाण्यात उतरतो. माझ्या लाल चिप्सनी पाणी गुलाबी केलं. मी ब्रशवरच परत आलो.

वाळल्यावर चिप्स पांढरट दिसतात. मिनरल ऑइलचा हलका हात फिरवला की रंग उठतो. तेल मात्र चिपच्या मधोमध नवं लेबल चिकटवल्यानंतरच. आधी लावलं तर स्टिकर टिकत नाही. आणि लेबल बसतं तो मधला खळगा मोजूनच लेबलं कापा, माझी लेबलांची पहिली अख्खी शीट मोठी निघाली.