गाळा बीआयडीच्या आत घ्यावा की बाहेर? क्वीन्समधल्या दुकानदाराचं मत

न्यूयॉर्कमध्ये दुकानासाठी जागा शोधणाऱ्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. दोन गाळे पसंत पडलेत, भाडं उन्नीस-वीस. एक बीआयडीच्या, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, दुसरा चार गल्ल्या पलीकडे, हद्दीबाहेर. कुठला घ्यावा? मी दोन्हीकडे दुकान चालवलंय, दोन्ही क्वीन्समध्येच. आधी बाहेर, आता आत. माल तोच : मसाले, पिठं, फरसाण आणि सणासुदीला पूजेचं सामान. त्यामुळे सांगतो ते माझ्या आकाराच्या दुकानापुरतं. मॅनहॅटनमध्ये शोरूम थाटणाऱ्यांचं गणित निराळं असतं.

बीआयडी म्हणजे काय ते थोडक्यात : ठरलेल्या हद्दीतल्या मालमत्तांवर एक जादा, सक्तीची पट्टी आणि तो पैसा त्याच हद्दीत झाडलोट, दिवे, जाहिरात, सुरक्षा यांवर खर्च. पट्टी शहराचं अर्थखातं मालमत्ता कराबरोबर गोळा करतं आणि ती पूर्णच्या पूर्ण त्या बीआयडीला देतं. शहरातली पहिली बीआयडी युनियन स्क्वेअरची, 1984 मधली. आज 75 हून जास्त आहेत. मात्र टाइम्स स्क्वेअरच्या बीआयडीचे लाल जॅकेटवाले कर्मचारी पाहून अपेक्षा बांधू नका. तिथलं वर्षाचं अंदाजपत्रक कोटींत जातं. आमच्यासारख्या वस्तीतली छोटी बीआयडी काही लाख डॉलरांत संसार चालवते. त्यात दोन-चार झाडूवाले, सणाचे दिवे, एखाद-दुसरा रस्त्यावरचा कार्यक्रम आणि ऑफिसचा खर्च, एवढंच बसतं.

हद्दीबाहेर काही नसतंच असं नाही. बहुतेक बाजारांत व्यापारी संघटना असते. माझ्या पहिल्या गल्लीतही होती. पण तिचा गाडा वर्गणीवर. गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक घेऊन ज्यानं दारं ठोठावलीत त्याला पुढचं सांगायला नको. दोन दिवाळ्या हे काम माझ्याकडे होतं. मिठाईवाले, दागिनेवाले, साडीवाले देत. कुरकुरत का होईना, पण देत. कोपऱ्यावरचं साखळी दुकान मात्र दर वेळी सांगायचं की निर्णय हेड ऑफिस घेतं, आणि हेड ऑफिस कधी घ्यायचं नाही. दिवे त्यांच्याही दारावर लागायचे. एकानं दिले नाहीत हे कळलं की पुढच्या वर्षी आणखी दोघं हात आखडता घेत.

गंमत म्हणजे बीआयडी हा प्रकार जन्मालाच या कारणानं आलाय, तोही न्यूयॉर्कमध्ये नाही, टोरांटोत. तिथल्या ब्लूर रस्त्याच्या पश्चिम भागात मॉलनी गिऱ्हाईक ओढलं आणि 1968 मध्ये भुयारी रेल्वे त्या भागाच्या खालून धावू लागली. पूर्वी ट्राममधून दुकानं बघत जाणारी माणसं जमिनीखालून निघून जायला लागली. तिथल्या व्यापाऱ्यांचा अनुभव हाच : स्वेच्छेच्या वर्गणीत काही जण देतात आणि सगळे उपभोगतात. म्हणून 1970 मध्ये कायद्याचा आधार घेऊन पट्टी सगळ्यांना लागू केली. जगातला हा पहिला प्रयोग मानतात.

पण खरं सांगायचं तर मी वर्गणीला कंटाळून जागा बदलली नाही. वर्गणी वर्षातून एकदा. माझा जीव खाल्ला तो कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यानं.

न्यूयॉर्कचा नियम दुकानदारांना माहीत असतोच : दुकानासमोरचा फुटपाथ आणि त्याच्या कडेपासून रस्त्यात 18 इंचांपर्यंतची जागा स्वच्छ ठेवणं ही आपली जबाबदारी. कचरा कोणी टाकला याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. कोपऱ्यावरचा जाळीचा डबा मात्र शहराचा, तो रिकामा करणार सफाई खातं. माझं दुकान कोपऱ्यापासून दुसरं. शनिवारी-रविवारी न्यू जर्सी, कनेटिकटपासून लोक खरेदीला येत. दुपारी एकपर्यंत डबा गच्च. त्यात आसपासच्या घरांतून कोणीतरी घरच्या कचऱ्याच्या पिशव्या आणून कोंबायचं. मग वर कॉफीचे कप, पानाचे कागद, मोमोच्या थाळ्या. वारा सुटला की सगळं माझ्या दारात. सकाळी झाडायचं, दुपारी झाडायचं, गिऱ्हाईक काउंटरवर असताना झाडू घेऊन बाहेर पळायचं. तरी दंडाची नोटीस चुकायची नाही, कारण तपासनीस नेमका त्या दहा मिनिटांत यायचा. तक्रारी केल्या, फोन केले. उत्तर नम्र, डबा तसाच. काही महिन्यांनी डबा काढून नेला! म्हणजे आता कचरा थेट जमिनीवर.

हद्दीत आल्यावर पहिल्या शनिवारी पाहिलं. दुपारी बीआयडीचा माणूस ढकलगाडी घेऊन आला, भरलेली पिशवी बांधून डब्याशेजारी ठेवली, नवी पिशवी लावली, भोवतालचं झाडलं आणि पुढे गेला. संध्याकाळी परत आला. बांधलेल्या पिशव्या शहराची गाडी तिच्या वेळेला उचलते. एवढंच काम, आणि माझं अर्धं डोकं मोकळं झालं. हिमवर्षावानंतरही तसंच. दुकानापुढचा बर्फ मीच काढतो, पण कोपऱ्यावर रस्ता ओलांडायच्या जागी जे गुडघाभर काळं पाणी साचतं, तिथे फावडं हेच लोक चालवतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची. कोपरा ओलांडता आला नाही तर त्या दिवशी विक्री नाही. प्रत्येक बीआयडी हे करते असं म्हणणार नाही. आमची करते.

आता पैशाचं. पट्टीचं बिल कायद्यानं मालकाला येतं, पण त्यानं तुम्ही सुटला असं समजू नका. व्यापारी गाळ्याच्या करारात मालमत्ता कराचा हिस्सा भाडेकरूवर टाकणारं कलम जवळपास ठरलेलंच, आणि बीआयडीची पट्टी त्याच पोटात बसते. काही करारांत ती नावानिशी लिहिलेली असते. माझ्या हिश्शाला येणारी रक्कम महिन्याच्या विजेच्या बिलापेक्षा कमी आहे. बाहेर असताना झाडायला ठेवलेल्या मुलाचे पैसे, दंड आणि वर्गणी मिळून जास्त जायचं असं मला वाटतं. मी कागदावर हिशोब मांडलेला नाही, खिशाला जाणवलं ते सांगतोय. तुमच्या बाबतीत उलटंही निघू शकेल, कारण आकारणीचं सूत्र जागोजागी वेगळं. कुठे मालमत्तेच्या मूल्यांकनावर, कुठे रस्त्याकडच्या दर्शनी फुटांवर, कुठे दोन्ही मिसळून. दर्शनी फुटांवर असेल तर अरुंद आणि खोल गाळ्याला ते परवडतं. रुंद काचांचं दुकान असेल तर जरा जपून.

बीआयडीत मला खुपतं ते दुसरंच : पैसे आपले, पण आवाज मालकाचा. इथे बीआयडी स्थापन करताना दुकानदारांचं मतदान होत नाही. हरकती मागवतात. मालकांपैकी 51 टक्क्यांनी, किंवा 51 टक्के मूल्याच्या मालमत्तांच्या मालकांनी लेखी हरकत घेतली तरच ती अडते. भाडेकरूची हरकत या मोजणीत धरत नाहीत. संचालक मंडळात महापौर, कॉम्प्ट्रोलर (शहराचा हिशोब तपासणारा), बरो प्रेसिडेंट (क्वीन्ससारख्या शहरविभागाचा प्रमुख) आणि स्थानिक नगरसेवक यांचे प्रतिनिधी असतात, भाडेकरूंनाही जागा असतात, पण बहुमत मालकांचंच. याविरुद्ध ग्रँड सेंट्रल भागातले रहिवासी कोर्टात गेले होते. 1998 मध्ये संघीय अपील कोर्टानं ही रचना योग्य ठरवली. लंडनकडे हे बरं आहे. तिथे दुकान चालवणाराच पट्टी भरतो आणि तोच मत देतो. मतं देणाऱ्यांच्या संख्येतही आणि त्यांच्या जागांच्या करपात्र मूल्यातही, दोन्हीकडे बहुमत लागतं, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा मतदान. टोरांटोतही भाडेकरू दुकानदार सभासद असतो. जेरार्ड रस्त्यावरच्या इंडिया बाजारात साडीच्या दुकानाचा भाडेकरू सभेत हात वर करू शकतो. आम्हीही वार्षिक सभेला जातो, भाडेकरूंच्या गटातून मत देतो, पण मालक जांभई देत बसलेला असतो आणि शेवटी त्याच्याच मनासारखं होतं.

फेरीवाल्यांचा मुद्दाही टाळता येत नाही. बीआयडीतल्या बऱ्याच मालकांना हातगाड्या नकोशा असतात. 2013 च्या सुमारास क्वीन्समधल्या 82 व्या रस्त्याची बीआयडी रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरून कोरोना नावाच्या शेजारच्या वस्तीपर्यंत वाढवण्याचा बेत निघाला, तेव्हा छोटे दुकानदार आणि फेरीवाले रस्त्यावर उतरले. भाडी वाढतील, आपल्याला हुसकावतील, ही भीती. बेत बारगळला. ती भीती मला खोटी वाटत नाही. जॅक्सन हाइट्समध्ये मोमोच्या गाडीसाठी आलेलं गिऱ्हाईक जाता जाता माझ्याकडून हिंग घेऊन जातं, त्यामुळे गाड्या हटवा म्हणणाऱ्यांत मी नाही. तुमचा धंदाच गाडीवरचा असेल, किंवा गाळ्यापुढे माल मांडून चालत असेल, तर हद्दीबाहेरची ढिलाई तुम्हाला मानवेल. तसंच ज्यांचं गिऱ्हाईक फोनवर ऑर्डर देतं, पायी येतच नाही, त्या केटरिंगवाल्यांनी पट्टीच्या जागेचं भाडं का भरावं, हे मलाही कळत नाही.

मुंबईहून आलेले काही जण एएलएमचा, म्हणजे तिथल्या पालिकेशी जोडलेल्या रहिवाशांच्या गटांचा दाखला देतात, की लोकांनी एकत्र येऊन गल्ल्या स्वच्छ ठेवल्याच ना. ठेवल्या. पण तिथे कोणी राहायला असतं, सकाळी गॅलरीतून बघतं. बाजाराच्या गल्लीत रात्री नऊनंतर शटर ओढलं की कोणीच नसतं, आणि डबा उघड्यावर असतो.

माझ्या दुकानासारखं दुकान असेल, पायी येणारं, पिशव्या घेऊन जाणारं, वयस्क गिऱ्हाईक असेल, तर मी आतला गाळा घेईन. भाडं थोडं जास्त असलं तरी. थोडं म्हणजे किती, हे तुमच्या विक्रीवर.

सही करण्याआधी मालकाकडून गेल्या वर्षीचं मालमत्ता कराचं बिल मागा; पट्टी किती हे त्यातून कळेल. करारात तुमचा हिस्सा टक्क्यांत लिहून घ्या. ‘योग्य प्रमाणात’ असे शब्द असतील तर वकिलाकडून ते बदलून घ्या, कारण शेजारचा गाळा रिकामा पडला की योग्य प्रमाण वाढतं. बीआयडीच्या ऑफिसात फोन करून सफाईचं वेळापत्रक विचारा, विशेषतः रविवारचं. काही ठिकाणी माणसं सोमवार ते शनिवारच येतात. आणि गाळा बघायला मंगळवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा सगळे रस्ते स्वच्छच दिसतात. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जा, आणि आधी कोपऱ्यावरचा डबा बघा.