लंडनमधील सर जॉन सोन संग्रहालय: आवर्जून वेळ काढावा असे घर

लंडनला जाणारे बहुतेक प्रवासी ब्रिटिश म्युझियम पाहून समाधान मानतात. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, लिंकन्स इन फील्ड्स या चौकाच्या कडेला असलेले वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर मात्र फार थोड्यांच्या यादीत असते, याची मला मनापासून हळहळ वाटते. १८३३ साली संसदेने केलेल्या कायद्यामुळे हे घर सोन यांनी ठेवले होते जवळजवळ तसेच जपले गेले आहे. प्रवेश विनामूल्य आहे.

चित्रदालनासाठी निवांत वेळ ठेवावा. खोली लहानशी आहे, पण तिच्या भिंती बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या फळ्यांच्या आहेत. कर्मचारी त्या हळूच उघडतात, तेव्हा अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार होगार्थच्या चित्रांमागे दडलेली आणखी चित्रे समोर येतात आणि पाहणारे सारे क्षणभर स्तब्ध होतात. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने नाकारल्यावर सोन यांनी १८२४ मध्ये ती दोन हजार पौंडांना विकत घेतली. तिच्यावर कोरलेली बारीक चित्रलिपी अगदी जवळून, शांतपणे न्याहाळता येते, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही इथे यावे.