रूट कॅनल आणि झिर्कोनिया कॅप, काही महिने वापरल्यानंतर (रबर डॅमचं आधी विचारा)

कॅपचं भांडण मागच्या आठवड्यात एकदाचं मिटलं म्हणून आता सगळं लिहून काढते. खालची डावी दाढ, रूट कॅनल दिवाळीनंतर झालं. दाढ आज मस्त चालतीये, चिक्कीसुद्धा त्याच बाजूने खाते. रूट कॅनल म्हणजे दाढेतली खराब झालेली नस काढून आतल्या नळ्या धुऊन भरून टाकणं, आणि कॅप म्हणजे मग त्या दाढेवर बसवायचं टोपण, माझं झिर्कोनियाचं, म्हणजे दातासारख्या रंगाच्या पक्क्या सिरॅमिकचं.

दातांच्या डॉक्टरची मला लहानपणापासून प्रचंड भीती, त्यामुळे लवंग तेलाचा बोळा आणि पेनकिलरवर बरेच दिवस ढकलले. गार लागून कळ आली आणि लगेच गेली तर बहुतेक वेळा नस वाचते, फिलिंगवर भागतं. माझं त्याच्या पुढे गेलेलं. चहाचा घोट गिळून झाला तरी कळ कानापर्यंत रेंगाळायची आणि रात्री आडवं झालं की ठणका सुरू. अशी सुजलेली नस परत बरी होत नाही आणि अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नसतो, हे मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खाणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्या. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक गं, पाचशे रुपयात मोकळी होशील." पण काढली की शेजारची दाढ हळूहळू त्या जागेत कलते, वरची खाली उतरते, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, करायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासावे लागतात आणि इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दाताचं, मला तीस हजार सांगितलेलं. रूट कॅनल सहा आणि कॅप नऊ, म्हणजे पंधरा हजारात स्वतःची दाढ राहत होती. तिथेच माझं ठरलं.

आता भीतीचं. मला सुईचं एवढं वाटत नाही, तोंडात पाणी साचून जीव गुदमरेल याची धास्ती असते. आधी घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले, कॅपसकट साडेपाच हजारांचं पॅकेज होतं. भूल दिली, काम सुरू झालं आणि थोड्या वेळात जिभेवर स्विमिंग पूलच्या पाण्यासारखी जळजळीत चव. ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमध्ये असतं तेच. दाढेतल्या नळ्या त्यानेच धुतात, त्याने जंतू मरतात आणि मेलेली नस विरघळते, तेव्हा ते वापरायलाच हवं, पण नळीत! माझ्या घशात कशाला? मी खुर्चीतून उठले. रबर डॅम, म्हणजे दाढ बाकीच्या तोंडापासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा, का लावत नाही विचारलं तर म्हणे वेळ फार जातो आणि पेशंटलाच नको असतो. दोन हजार अॅडव्हान्समधले हजारच परत दिले, तेही बरीच हुज्जत घातल्यावर.

मग रूट कॅनलमध्येच एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या डॉक्टरांकडे गेले. भीतीचं आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "ताई, काही वाटलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबणार." मी दुखत नसताना मुद्दाम हात वर करून बघितला आणि ते खरंच थांबले, ड्रिल बाजूला ठेवलं, काही चिडले नाहीत. माझी निम्मी भीती तिथेच गेली. ओठ पूर्ण जड झाला होता पण त्यांनी गार कापूस लावून बघितला तर दाढेला अजून जाणवत होतं. सुजलेल्या नसेला खालच्या जबड्याची भूल कधीकधी पुरत नाही म्हणून दाढेशेजारी आणखी एक इंजेक्शन दिलं, आणि मगच हात लावला.

रबर डॅम म्हणजे रबराचा पातळ चौकोन, त्याला एक भोक, त्यातून फक्त आपली दाढ बाहेर, दाढेला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, आणि बाहेरून फ्रेम. पहिली काही मिनिटं मलाही कोंडल्यासारखं झालं, हात वर केला, त्यांनी नाकाखालचा भाग कात्रीने कापून दिला. त्यानंतर काहीच नाही! पाणी घशात येत नाही, ब्लीचची चव नाही, मागे जीभ मोकळी, आपली थुंकी आपण आरामात गिळायची. शिवाय नळ्या साफ करायच्या त्या सुईसारख्या बारीक फाइल्सपैकी एखादी हातून सटकली तरी घशात जाणार नाही. 1864 साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या डेंटिस्टने काढलेली युक्ती आहे ही, आणि आजही पेशंटला मागून घ्यावी लागते याचा मला मनापासून राग येतो. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, रबर डॅम लावता का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

इथपर्यंत मी पाच स्टार दिले असते. पण कॅप बसवल्यापासून कॅप आणि शेजारच्या दाढेच्या मध्ये मेथी, कोथिंबीर, चिकनचा धागा, जे खाईन ते अडकायला लागलं. रिसेप्शनवर उत्तर एकच, सगळ्यांचं अडकतं, छोटा ब्रश वापरा. इतर दातांत फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, टक् करून आत जातो, इथे सरळ निघून यायचा, म्हणजे फट होती. वॉरंटी कार्ड फक्त कॅप तुटली तर चालतं म्हणे, नवीन करायला लॅबचे तीन हजार मागितले. मी पहिल्या दिवसापासूनचे मेसेज दाखवले आणि डॉक्टरांनाच फ्लॉस घालायला लावला. त्यांनी लगेच मान्य केलं, जुनी कॅप कापून काढली, नवीन बसवली, पैसे घेतले नाहीत. म्हणून साडेचार. तुम्ही मात्र कॅप पक्की चिकटवायच्या आधीच फ्लॉस घालून बघा म्हणा, नंतर कापण्याशिवाय इलाज नसतो.

पैशाची अडचण असेल तर मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, खर्च कमी येतो पण वेळ हाताशी ठेवून जा. माझ्या वरच्या उजव्या दाढेला आता गार लागायला लागलंय, कळ लगेच जाते, म्हणून याच आठवड्यात दाखवून घेतेय.