पित्ताशय गेलं, डबा लागला

पित्ताशय काढून तीन महिने झाले. नाशिककर असून मिसळ बंद! एकदा मोह आवरला नाही. पंचवटीत तर्री ओरपली आणि घरी येईपर्यंत रिक्षा दोनदा थांबवावी लागली. पित्त साठवायची पिशवीच नाही, ते सतत थेंबथेंब आतड्यात उतरतं. त्यात एकदम तेल आलं की संपलंच.

मग इंदिरानगरच्या एका काकूंचा डबा लावला. फोडणीला चमचाभर तेल, दुधी, मुगाची मऊ खिचडी. एकच डबा मी दोन वेळा करून खातो. बेचव मात्र नाही, वरणात आमसूल असतं.

तक्रार एकच. परवा डब्यात भरली वांगी, वर तेलाचा तवंग! फोन केला तर काकू म्हणाल्या, "अहो, डबे बदलले!" शेजारचे जोशीकाका तोवर माझा दुधी खाऊन बसले होते.