किराण्याच्या गल्ल्याशेजारी सिगारेट ठेवावी की नको?

नवीन किराणा टाकणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. मी दोन्ही करून पाहिलंय.

ठेवण्यातला फायदा म्हणजे वर्दळ. सिगारेटवर सुटतं थोडंच, पण ओढणारा माणूस सकाळ-संध्याकाळ पायरी चढतो आणि जाताना दूध, अंडी, फरसाण नेतो. माल काढून टाकला की सुरुवातीला गल्ला हलका लागतो, हे कबूल.

दंडाचं काय? शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांत (कुंपणापासून सरळ रेषेत, रस्त्याने नव्हे) किंवा अठरा वर्षांखालच्याला विकलं तर कोटपा कायद्यात (सिगारेट-तंबाखूच्या विक्रीवरचा केंद्राचा कायदा) दंड 200 रुपयांपर्यंत. त्यावर सगळे हसतात. पण महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, कारण सुट्या कांडीवर इशाऱ्याचं चित्र नसतं. इशाऱ्याविना विक्रीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि 3000 पर्यंत दंड. आणि गिऱ्हाईक मागतं ते सुटीच!

परवान्याचंही ध्यानात ठेवा. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्येच राज्यांना कळवलंय की तंबाखू विकणाऱ्याला पालिकेची परवानगी घ्यायला लावा आणि त्याच दुकानात चॉकलेट, बिस्किटं, चिप्स विकू देऊ नका. हिमाचल प्रदेशाने तर 2016 चा कायदा करून नोंदणी सक्तीची केली. तुमच्या पालिकेत काय चालतं ते विचारून घ्या. त्याच दुकानात खाऊ नको ही अट आली तर किराणा किंवा सिगारेट, एकच काहीतरी राहील.

माझं मन मात्र या कलमांनी नाही, पोरांनी वळवलं. चौथी-पाचवीतला मुलगा ब्रेड मागतो, पार्ले मागतो, आणि शेवटी मुठीतली नोट पुढे करून म्हणतो, "काका, पप्पांना एक सिगारेट." नाही म्हटलं की थोड्या वेळात पप्पा बनियनवर हजर: "पोराला ओळखत नाही काय? तो ओढणारे का?" एकदा समजावता येतं, रोज नाही. आणि बाल न्याय कायद्याचं कलम 77 म्हणजे 200 रुपयांची गोष्ट नव्हे. मुलाच्या हाती तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ओढणारा बाप होता हे पोलिसांना पटवत बसायची माझी तरी तयारी नव्हती. त्या फळीवर आता शेंगदाण्याच्या चिक्क्या आहेत. खप बरा आहे.

प्रत्येकाची जागा वेगळी, त्यामुळे आग्रह नाही. पण दुकान वस्तीत असेल आणि टपरी जवळच असेल, तर मी म्हणेन नका ठेवू. हायवेला असाल, पोरंटोरं येत नसतील, तर बघा विचार करून. तिथेही पाकीट फोडायचं नाही आणि अठराखाली विक्री नाही हा 60 बाय 30 सेंटीमीटरचा फलक माल भरायच्या आधी लावायचा.